चाखून देणारं घराणं

बजाजनगरच्या बागेत सकाळी चालायला येणारा माणूस शुगरवाला असो, बीपीवाला असो की नुसता पोटवाला, त्याला फकिरा ठाऊक नाही असं होत नाही. गेटाच्या डाव्या हाताला त्याची हातगाडी. गाडीवर स्टीलच्या सहा बरण्या: कारलं, दुधी, आवळा, गुळवेल, कडुलिंब, गव्हांकुर. आणि गाडीमागं स्वतः फकिरा, वय सहासष्ट, अंगानं शेवग्याची शेंग, चेहरा नेहमी आत्ताच काहीतरी कडू गिळल्यासारखा. आता गिळलेलंच असायचं, त्याला तो बिचारा काय करणार!

कारण फकिराची एक रीत होती. पहाटे रस काढला की सहाही बरण्यांतला एकेक घोट आधी स्वतः प्यायचा. मग ओट्यावर बसून घड्याळाकडं बघायचं. एक तास. तासाभरात आपण मेलो नाही अशी खातरजमा झाली की मगच गाडीला हात लावायचा. बागेत पोचल्यावर पुन्हा प्रत्येक बरणीतले चार थेंब तळहातावर, देवळातलं तीर्थ घ्यावं तसे, आणि मग पहिलं गिऱ्हाईक.

"फकिरा, तुला ना साखर ना बीपी," आप्पासाहेब रोज छेडायचे. ते कंपनीतून रिटायर झालेले फोरमन, पहिल्या गिलासाचे मानकरी. "रोज कारलं ढोसतोस. एक दिवस तुझी साखर शून्याच्या खाली जाईल, बघ."

"जाऊ द्या, आप्पासाहेब. आधी आपण, मग गिऱ्हाईक."

लोकांना वाटायचं, काय इमानदार माणूस! धंदाही त्यावरच चालायचा. गल्लीतल्या काही वाह्यात लोकांनी तर पैज लावली होती की म्हातारा पाणीपुरी खाताना आधी पाणी पितो, तासभर थांबतो आणि मग पुरी मागतो. पैज जिंकली कुणी ते जाऊ द्या.

पण हे खूळ एकट्या फकिराचं असतं तर निभावलं असतं. त्याचा मुलगा सुदर्शन वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात. त्याच्या हाताखालून खराब नट गेला असं चौदा वर्षांत झालं नाही. कंपनीनं त्याला तीनदा बक्षीस दिलं. कंपनीला काय ठाऊक, हा गडी ड्यूटीला निघतो तेव्हा गॅस बंद आहे का बघायला कोपऱ्यावरून दोनदा परत येतो, आणि कंपनीची बस त्याच्यासाठी हॉर्न वाजवून वाजवून सगळी गल्ली जागी करते! घराण्याची भीती कंपनीला फुकटात मिळाली आणि वर बक्षीस सुदर्शनला.

सुदर्शनची बायको सुरेखा दुसऱ्या घरातून आलेली, म्हणून या घरातलं एकमेव धड डोकं. ती म्हणायची, "या घरात चहाचा बी आधी पंचनामा होतो, मंग कपात पडतो."

हे सगळं गल्लीच्या करमणुकीचं होतं. मोनिकाचं झालं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मोनिका फकिराची नात. पोरगी हुशार. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आजा झाडपाल्याचा, नात गोळ्या-बाटल्यांची, म्हणून फकिराची छाती दोन बोटं पुढं आलेली. तर परीक्षेत तिला औषधाचं मिश्रण करायला दिलं. मोजायचं, ढवळायचं, बाटलीत भरायचं, चिठ्ठी डकवायची आणि सरांच्या टेबलावर ठेवायचं. तीन तास. पोरीनं मिश्रण केलं आणि ओतून दिलं. पुन्हा केलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा केलं, चिठ्ठी डकवली, सोलली, डकवली, सोलली. घंटा झाली तेव्हा बाटली तिच्या मुठीत होती आणि मूठ उघडेना. सरांनी मागितली तरी देईना. नापास.

घरी आल्यावर एकच म्हणत राहिली, "मी दिलेल्या औषधानं कुणी मेलं तर?"

"अगं, परीक्षेतलं औषध कोण पितंय?" सुरेखा म्हणाली.

"पण पिलं तर?"

दिवाळीनंतर फेरपरीक्षा होती. तेव्हाही बाटली हातातून सुटली नाही तर वर्ष गेलं, आणि पोरगी तर कॉलेजच सोडायचं बोलू लागलेली. जेवण अर्ध्यावर आलेलं. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालेली.

फकिरानं कंबर कसली. डोक्यासाठी आपल्याकडं काय कमी आहे का! ब्राह्मी आली, शंखपुष्पी आली, वेखंड आलं. खलबत्ता दिवसभर असा वाजायला लागला की शेजारच्या घरात लगीनसराई असल्याचा भास व्हावा. तिसऱ्या दिवशी त्यानं ब्राह्मीचा रस वाटीत घेतला, रीतीप्रमाणं आधी घोट घेतला, तासभर बसला आणि मग वाटी नातीपुढं धरली.

मोनिकानं वाटी घेतली. नाकाशी नेली. चार थेंब डाव्या तळहातावर काढले, जीभ लावली, आणि मान वर करून घड्याळाकडं बघत बसली.

फकिरानं तिच्याकडं बघितलं. तोच हात, तीच मान, तेच घड्याळ! हे तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. अन् आपल्याला तरी कुणी शिकवलं होतं? त्याला त्याचा बाप दिसला, कडुबा. तो बी असाच बसायचा.

त्या दिवशी खलबत्ता बंद झाला. सुरेखानं डाव साधला. "मामा, बास झालं आता. मी नंबर लावलाय," सासऱ्याला ती म्हणाली, आणि सगळ्यांना घेऊन क्रांती चौकातल्या दवाखान्याची पायरी चढली.

तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मोनिकाला तपासून गोळ्या लिहून दिल्या आणि दर आठवड्याला करुणा मॅडमकडं पाठवलं. करुणा मॅडम म्हणजे समुपदेशक. चाळिशीची, बारीक चणीची बाई, बोलणं हळू, पण नजर अशी की खोटं बोलणाऱ्याला घाम फुटावा. फकिरा दवाखान्यातही ब्राह्मीची बाटली घेऊन गेला होता. त्याला वाटलं, बाई नाक मुरडेल. बाई म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा आधी. गोळ्यांबरोबर चालते म्हणाले तर द्या. त्यांना न विचारता मात्र काही द्यायचं नाही, आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. बरं, मोनिका, घरात असं आणखी कुणाला होतं का गं?"

मोनिका कित्येक दिवसांनी हसली. "कुणाला होत नाही ते विचारा, मॅडम."

मग बाईनं कागदावर घरातली माणसं मांडली. खाली मोनिका, वर सुदर्शन, त्याच्या वर फकिरा, त्याच्या वर कडुबा. कोण काय काय तपासतं ते शेजारी लिहिलं. कडुबापाशी पेन थांबलं. "यांच्या आधी कुणी होतं का असं चाखणारं?"

फकिरा खिडकीबाहेरच्या चौकातली गर्दी बघत राहिला. मग म्हणाला, "नाय. माझ्या बापापासूनच."

आणि साठ वर्षांत जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्या खोलीत बाहेर आलं.

कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला धोंडदरी नावाचं खेडं. कडुबा तिथला झाडपालेवाला. हाताला गुण होता, लोक चार कोसांवरून यायचे. फकिरा सात वर्षांचा असेल. शेजारच्या वाडीतली चतुरा नावाची पाच वर्षांची पोर तापानं फणफणली होती. कडुबानं सकाळी काढा करून तिच्या आईकडं दिला. दुपारी जेवायला बसले तर त्या घराकडून बायांचा आक्रोश! छाती पिटून रडणं. कडुबा उठला, मुळ्यांचं गाठोडं सोडलं, एक मुळी उन्हात धरून उलटीपालटी केली, आणि त्याचं तोंड राखेसारखं झालं. "दुसरी मुळी गेली की काय," एवढंच बोलला. चुलीवर भाकर तशीच टाकून बायको-पोराला घेऊन मागच्या वाटेनं निघाला तो थेट औरंगाबादेत. जन्मभर हमाली केली. औषध म्हणून कुणाला तुळशीचं पान दिलं नाही. पण घरात शिजलेलं प्रत्येक काही आधी स्वतः चाखायचा, आणि घड्याळ नव्हतं तर सावलीकडं बघत बसायचा.

"पोर गेली हे कुणी सांगितलं तुम्हाला?" करुणा मॅडमनं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? रडणं ऐकलं ना आम्ही."

"नंतर कधी गावात विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं ना!" फकिरा म्हणाला.

आता बघा. पणजोबाचं तोंड दुधानं पोळलं आणि ताक फुंकणं चाललंय पणतीपर्यंत. आणि दूध खरंच गरम होतं का, हे बघायला कुणी गेलंच नाही! करुणा मॅडम मात्र एवढंच म्हणाल्या, "जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण तिकडं काहीही कळलं, तरी मोनिकाचा सराव थांबणार नाही."

सराव म्हणजे असा: रोज एक बाटली भरायची, चिठ्ठी एकदाच वाचायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची. पुन्हा बघायची नाही. आणि तिनं "बरोबर आहे ना?" असं विचारलं तर घरात कुणी "हो" म्हणायचं नाही. हे सुरेखानं गल्लीतही सांगून टाकलं, आणि गल्लीला काय, कामच मिळालं! पोरगी मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन दारोदार हिंडायची, द्यायची, दारातच घुटमळायची. पहिल्या दिवशी अर्धा तास उभी राहून रडली. दहाव्या दिवशी पाच मिनिटं. मग दोन पावलं पुढं, एक मागं.

इकडं फकिराला चैन नव्हती. आपण पोरीला घर दिलं, नाव दिलं, आणि त्याबरोबर हे बी दिलं. एका सुट्टीच्या दिवशी त्यानं सुदर्शनला उठवलं. "गाडी काढ. धोंडदरीला जायचं."

"आबा, मी बी येते," मोनिका म्हणाली.

"तू नको. तिथं लोक काय बी बोलतील. पोर मारली म्हणतील."

"म्हणून तर येते."

सुदर्शननं गॅस दोनदा बघितला, कुलूप तीनदा ओढलं, आणि एकदाची त्याची जुनी मोटार निघाली. फकिराच्या मांडीवर आवळ्याच्या रसाच्या दोन बाटल्या. ज्यांची पोर गेली त्यांच्या दारी रिकाम्या हातानं कसं जायचं? कन्नड मागं पडलं. माफी कशी मागायची याची तालीम त्यानं मनात वीसदा केली. कुणी हात उगारला तर मुकाट खायचा, असंही ठरवलं.

वाडी सापडली. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाकडं जायचं?"

फकिरानं चाचरत सांगितलं, "साठ वर्षांमागं इथं एक पोर… चतुरा नावाची… तिचे कुणी भाऊबंद असतील का?"

"भाऊबंद कामून? तिलाच भेटा की! ती काय, गोठ्यात सुनेवर ओरडू राहिली."

फकिराला पारावर बसावं लागलं. सुदर्शननं पाणी दिलं. मोनिका तर आधीच गोठ्याकडं पळाली होती.

चतुराबाई! जिवंत, धडधाकट, पासष्टीची, आडव्या अंगाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. डाव्या हातात पेंडीचं घमेलं, उजव्या हातानं त्यातली मूठ मूठ चाळून गव्हाणीत टाकत होती. नवऱ्याचं घर त्याच वाडीत, म्हणून सापडली. फकिरानं कोण, कुठला ते सांगितलं आणि हात जोडून म्हणाला, "आक्का, आम्ही समजत होतो तू आमच्या काढ्यानं मेलीस."

"मी? मेले?" चतुराबाईनं घमेलं खाली ठेवलं. "आरं, मला सहा नातवंडं झाली की! आन् तुझा बाप भर दुपारी भाकर टाकून पळाला तव्हा गावाला काय वाटलं ठावंय? कडुबाला हंडा घावला! मोहरांचा! लोकांनी तुमच्या खोपटाची जमीन कंबरभर खणली. माझ्या सासऱ्याला तिथं नुसती एक पळी घावली, ती अजून हाय घरात."

सुदर्शन हसता हसता गाडीला टेकला. पण फकिराचं काळीज अजून जागेवर नव्हतं. "मंग त्या दुपारी रडणं कशाचं होतं?"

चतुराबाईचा आवाज एकदम खाली आला. तिनं दाराकडं बघून घेतलं. "म्हैस मेली होती. दुभती. घर त्या म्हशीवर चालायचं."

"कशानं?"

"बाप म्हणायचा पान लागलं, साप व्हता गोठ्यात. आय म्हणायची पोट फुगलं. आजी म्हणायची नजर." बाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता तुला सांगते. आजवर कुणाला सांगितलं नाय. तुझ्या बापाचा काढा लई कडू व्हता. आय वळली की मी तोंडातला थुकला, आन् वाटी गव्हाणीत ओतली. ताप काय, आपसूक गेला. पण म्हैस दुपारी आडवी झाली. मला वाटलं, मीच मारली. तव्हापून गव्हाणीत माझ्या हाताशिवाय मूठभर पेंड पडू देत नाय मी."

दारातून तिची सून कडाडली, "अगं बया! म्हंजे वीस वर्षं मला गोठ्यात जाऊ देत नाय ते यापायी?"

असा हशा पिकला की गोठ्यातली जनावरं दावी ओढायला लागली. एका वाटीतला काढा, आणि त्याच्यापायी दोन घरं साठ वर्षं चाखत नि चाळत बसलेली! हसता हसता चतुराबाईच्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि फकिराच्याही.

पण फकिराचा स्वभाव जातो कुठं? डोळे पुसले आणि पुन्हा कपाळाला आठी. "म्हंजे… काढा तर म्हशीच्या पोटात गेला. मंग मुळी चुकीची होती का बरोबर? सापानं मेली का आपल्या काढ्यानं?"

सुदर्शननंही आपल्या बापासारखीच आठी घातली. चतुराबाई म्हणाली, "आता ते कोण सांगणार, बाबा? सांगणारं एक बी राहिलं नाय."

"नाही कळणार, आबा," मोनिका म्हणाली. तिचे डोळे लखलखत होते. "कधीच नाही कळणार! मॅडम मला चार महिने हेच सांगू राहिल्या. काही गोष्टी कळतच नाहीत, अन् तरी बाटली द्यावी लागते. मला वाटायचं, नुसतं बोलायला ठीक आहे. पण बघा ना, ही आज्जी जिवंत हाय, म्हैस मेलेली हाय, अन् आपण सगळे इथं उभे हाय. काय फरक पडला?"

चतुराबाईला यातलं कितपत कळलं कोण जाणे. पण ती म्हणाली, "त्या बाटलीत काय आणलंय, भाऊ?"

"आवळा."

"आण. तव्हाचा पिले नाय, आज पिते."

सुनेनं पेला आणला. फकिरानं बाटली उघडली आणि सवयीनं डावा तळहात पुढं आला. मोनिकानं त्याचं मनगट धरलं. आवळ्याचे चार थेंब तळहाताऐवजी जमिनीवर सांडले. जन्मात पहिल्यांदा फकिरानं न चाखता पेला भरला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. चतुराबाईनं एका दमात रिकामा केला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली, "आंबट ढाण हाय मेलं!"

परतीच्या वाटेवर फकिरा तासभर गाडीतलं घड्याळ बघत होता, हे खरं. पण एक तास झाल्यावर झोपला, आणि बजाजनगर येईपर्यंत घोरत राहिला.

घरी आल्यावर सगळं एका दिवसात बदललं असं नका समजू. मोनिकाच्या गोळ्या चालू राहिल्या, करुणा मॅडमच्या फेऱ्या चालू राहिल्या, गल्लीतलं बाटल्यांचं वाटप चालू राहिलं. नवीन एवढंच, की आता फकिराही सरावाला बसला. तासाचा अर्धा तास केला, अर्ध्याची दहा मिनिटं. सहा बरण्यांतल्या तीनच चाखायच्या, मग दोन. आप्पासाहेब पहिला न चाखलेला गिलास हातात घेऊन ओरडले, "फकिरा, मला उडवायचा बेत आहे का?" फकिरा म्हणाला, "ठावं नाय, आप्पासाहेब. प्या!" आप्पासाहेब डोळे मिटून प्यायले. कारलं बंद झाल्यावर फकिराच्या गालांवर मांस चढलं, तोंडावर तजेला आला, आणि बागेतल्या दोन म्हाताऱ्या बाया रसाच्या निमित्तानं जरा जास्तच वेळ थांबायला लागल्या, अशी वदंता आहे. खरंखोटं देवाला माहीत.

फेरपरीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या गेटाबाहेर फकिरा आणि सुरेखा उभे. सुदर्शनला मुद्दाम ड्यूटीवर पाठवलेलं, नाहीतर त्यानं गेटच तपासून बघितलं असतं. सुरेखानं सासऱ्याला बजावलं होतं, "मामा, ती आली की बरोबर झालं का, असं विचारायचं नाय. मॅडमनी सांगितलंय."

"नाय विचारत."

"शपथ घ्या."

"घेतली, बाई!"

तीन तासांचा पेपर. दोन तास झाले. फकिरानं गेटापासून झाडापर्यंत चाळीस फेऱ्या मारल्या. वॉचमननं दोनदा हटकलं. अडीच तास झाले आणि आतून एकटी मोनिका येताना दिसली. एकटीच! बाकी कुणी सुटलं नव्हतं. सुरेखानं सासऱ्याचा दंड पकडला. पुन्हा अर्ध्यात सोडून आली की काय? पोरीचा चेहरा लाल, केस विस्कटलेले, अॅप्रनवर कसलातरी गुलाबी डाग, आणि दोन्ही हात, बघा, मोकळे.

फकिराच्या ओठांवर प्रश्न आला. त्यानं ओठ चावले. शपथ घेतली होती. मग त्याला दुसरा प्रश्न सुचला, ज्याला शपथ लागत नव्हती.

"दिलीस?"

मोनिका त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. श्वास फुललेला. "दिली, आबा."

फकिरानं अशी आरोळी ठोकली की झाडावरचे पोपट उडाले आणि वॉचमन काठी घेऊन धावत आला. "काय झालं, ओ काका? पास झाली का पोरगी?"

"ते कुणाला ठावं!" फकिरानं त्यालाच मिठी मारली. "दिली ना पण! दिली!"